चेडोबाची झोपमोड

गावाचं नाव मी सांगणार नाही. शेणव्यावरून आत वळलं की लागतं, एवढ्यावर भागवून घ्या. नाव सांगितलं तर तुमच्यातले निम्मे लोक येत्या रविवारी गाडी काढून तिथे जातील, त्या दगडासमोर उभं राहून टाळ्या वाजवून बघतील आणि पुन्हा कुणाचं तरी लग्न अडकवून ठेवतील. आम्ही एकदा केलं तेवढं पुरे आहे.

मी मूळची फलटणची. राहते चिंचवडला आणि पोट भरते जपानी शिकवून. चाकणच्या कारखान्यांत जपानी साहेब येतात, त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणूनही जाते. ओनोसान त्यांतलाच एक. सान म्हणजे आपलं 'राव'. वय पस्तिशीचं, अंगकाठी शेवग्याच्या शेंगेची, आणि काम मालाच्या तपासणीचं. एखादा पार्ट केसभर इकडेतिकडे असला तर तो रिजेक्ट करतो आणि करताना मान लववून माफी मागतो. माफी पार्टाची मागतो, ज्याने बनवला त्याची नाही.

त्याच्याच लाइनवर रघुनाथ नावाचा शहापूरकडचा मुलगा कामाला आहे. त्याने बहिणीच्या लग्नाची पत्रिका ओनोसानला दिली आणि सहज म्हणाला, "या आमच्याकडे. आमच्या देवांना देवळं पण नाय. उघड्यावर बसतात." हे मी भाषांतर करून सांगितलं आणि ओनोसानने हातातला पार्ट खाली ठेवला. असं त्याने आधी कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

कारण असं, की ओनोसान हा गुरवाचा मुलगा. त्याचे वडील जपानातल्या कुठल्याशा डोंगरगावात शिंतो देवस्थानाचे पुजारी आहेत. शिंतो म्हणजे तिकडचा जुना देवधर्म. त्यात झाडात देव असतो, धबधब्यात असतो, डोंगरात असतो, एखाद्या नुसत्या धोंड्यात असतो. सगळे मिळून ऐंशी लाख, असं ते लोक म्हणतात. मी आमचा तेहेतीस कोटींचा आकडा सांगितला तेव्हा ओनोसान जरा खजील झाला. मला मात्र उगाचच विजयी वाटलं, जणू त्या तेहेतीस कोटींतले थोडे माझ्याकडे पगारावर होते.

वडिलांना वाटतं मुलाने परत येऊन देवस्थान सांभाळावं. मुलगा गेली कित्येक वर्षं पार्ट तपासतोय. यापलीकडे तो काही बोलत नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

माळशेज उतरून धसई

मे महिना. गाडी रघुनाथच्या मित्राची, चालवायला रघुनाथ, पुढे ओनोसान, मागे मी आणि लग्नाची भांडी. माळशेज घाट उतरेपर्यंत मांडीवर एक परात होती आणि प्रत्येक वळणाला ती माझ्या हनुवटीला भेटत होती. पण खाली उतरलो तसं सगळं विसरायला झालं. आमच्याकडे फलटणला उन्हाळ्यात जमीन नुसती पडून असते. इथे कापलेल्या भाताची खाचरं पिवळी पडली होती, पण बांधाबांधावर ऐन, मोह, जांभळी उभ्या, आणि त्यामागे सह्याद्रीची सबंध भिंत. ओनोसान म्हणाला, "आमच्या गावासारखंच आहे. फक्त कुणीतरी हीटर चालू ठेवलाय."

धसईला बाजार होता म्हणून थांबलो. गावाबाहेर झाडाखाली एक लाकडी फळी रोवलेली दिसली. तिच्यावर चंद्र, सूर्य आणि खाली वाघ कोरलेला, त्यावर शेंदूर. हा वाघोबा. ओनोसानने विचारलं, "हा वाघ देव आहे, की देवाचा वाघ आहे?" मला माहीत नव्हतं. शेजारी करवंदांची पाटी घेऊन एक बाई बसल्या होत्या, त्यांना विचारलं.

"दोनी," त्या म्हणाल्या. "करवंदा किती देऊ?"

ओनोसान एकदम खूश झाला. जपानात एका देवाच्या दारात कोल्हे बसवतात आणि दर वर्षी कुणीतरी पाहुणा त्याच्या वडिलांना हाच प्रश्न विचारतो. वडील अर्धा तास उत्तर देतात. इतकं आटोपशीर उत्तर त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

बाजारात त्याची खरी ओढ लागली ती सुक्या मासळीवर. मला वाटलं होतं वासाने पळेल. तो पाटीपाशी उकिडवा बसला, चिमूटभर जवळा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिला. तिकडे आईच्या हातचं असंच काहीतरी भातावर मिळतं म्हणे. मासळीवाली आजूबाजूच्यांना म्हणाली, "अगो, यो आपल्यातलाच हाय." मग त्याने जवळा घेतला, सुकट घेतली आणि बोंबलांची एवढी मोठी जुडी घेतली. ती ठेवायला गाडीत एकच जागा होती, माझ्या मांडीवरची परात. किन्हवलीपर्यंत तीन मांजरं गाडीमागे धावली. दोन धरा, तिसरं कदाचित कुत्रं असेल.

दुपारी रघुनाथच्या मावशीकडे जेवलो. तांदळाची भाकरी, सुकट घालून केलेलं वांगं आणि कैरीचं लोणचं. मी बाजरीवर वाढलेली, तांदळाच्या भाकरीला मी आजवर आजाऱ्याचं खाणं समजत होते. चार खाल्ल्या. पाचवी ओनोसानने विचारून अर्धी घेतली, अर्धी मी घेतली.

शेणव्याच्या पुढे

शेणवं मागे टाकून आत वळलो तसा रघुनाथने गाडीतलं गाणं बंद केलं. मग खिडकीतून हात काढून समोरच्या मोटारसायकलवाल्याला खूण केली. त्याने इंजिन बंद केलं आणि उतारावरून गाडी तशीच सोडली. समोरून एसटी आली. वळण आंधळं होतं, तरी ड्रायव्हरने हॉर्न दिला नाही, फक्त हात बाहेर काढून हलवला. एक बैलगाडी गेली, बैलांच्या घुंगरांत गवत कोंबलेलं होतं.

"कोण गेलं का रे?" मी हळूच विचारलं.

"नाय ओ मॅडम. देव झोपलाय."

हा देव म्हणजे चेडोबा, गावच्या शिवेचा राखणदार. पेरणीपासून सुगीपर्यंत तो रात्रंदिवस राखण करतो, त्यामुळे दमतो. म्हणून होळी झाली की गावचा भगत त्याला झोपवतो, आणि पेरणीच्या आधी सगळं गाव जमून त्याला उठवतं आणि मान देतं. मधल्या दिवसांत मोठ्या ऐनाच्या झाडापासून पुढच्या ओढ्यावरच्या मोरीपर्यंत कुणी आवाज करायचा नाही. लग्नाची वरातसुद्धा तिथून मुक्याने जाते.

मी हे सगळं ओनोसानला नीट जपानीत सांगितलं. हे आधीच नोंदवते, कारण पुढे गावात काही जणांनी माझ्याकडे बघितलं. त्याला काडीचंही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, "आमचे देव शरदात महिनाभर एका गावी बैठकीला जातात. बाकी सगळी देवळं रिकामी."

"मग राखन कोन करतो?" रघुनाथने विचारलं.

"एका देवाला घरी ठेवतात."

"बराबर हाय," रघुनाथ म्हणाला. "आमी पन लग्नाला जाताना म्हातारीला घरी ठेवतो."

दोघांचं इतकं जमलं, की ओनोसानने दर्शन घ्यायची परवानगी मागितली आणि रघुनाथने आनंदाने गाडी थांबवली. ऐनाखाली गुडघाभर उंचीचा काळा दगड. दोन बाजूंना जरा खांद्यासारखे उंचवटे, त्यावर शेंदराचे थर. बाजूला मातीचे छोटे घोडे ठेवलेले. ओनोसान बूट काढून चवड्यांवर चालत गेला. पाण्याच्या बाटलीने आधी डावा हात धुतला, मग उजवा, मग चूळ भरली. पाणीही त्याने आवाज होऊ नये म्हणून मुळाशी हळूच सोडलं. कमरेत दोनदा वाकला. मला इतकं भरून आलं, की वाटलं, बघा, परक्या देशातला माणूस, पण किती रीत.

आणि त्याने टाळ्या वाजवल्या. दोन. कडकडीत, हात छातीसमोर धरून, लहानपणापासून शिकवलेल्या.

शिंतोमध्ये दोनदा वाकायचं, दोन टाळ्या द्यायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचं, म्हणजे देवाचं लक्ष आपल्याकडे जातं. ओनोसानच्या लेखी टाळी हा आवाजच नव्हता, ती नमस्काराची पद्धत होती. आपण नाही का, कडेवरचं बाळ झोपलंय म्हणून कुजबुजत देवळात शिरतो आणि सवयीने घंटा बडवतो, तसं ते झालं.

पलीकडच्या बांधावर लाकडं घेऊन चाललेल्या दोन बायका जागच्या जागी थांबल्या. एकीची मोळी खाली पडली. ऐनावरचे कावळे उडाले आणि लांब कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं. ओनोसानने तिसऱ्यांदा वाकून शेवटचा नमस्कार पूर्ण केला, वळला, आणि आमचे चेहरे बघून त्याच्या लक्षात आलं. मग तो रस्त्यातच गुडघ्यांवर बसला.

मांडवाखाली

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव उभा, बेंजो पार्टीची मुलं खुर्च्यांवर गप्प बसलेली, आणि मधोमध बारकूबुवा, म्हणजे गावचे भगत. किडकिडीत, पांढऱ्या मिशा, गळ्यात मोबाइल. आम्ही पोचताच ते शिवेवर जाऊन बघून आले. बघायची रीत अशी, की दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या शेंदरात एकेक तांदळाचा दाणा चिकटवायचा. उजवा पडला तर देव झोपलाय, डावा पडला तर जागा आहे.

"डावा," बारकूबुवा म्हणाले. "हात काढायच्या आत पडला. टक्क जागा हाय."

आता यात अडचण काय, हे मला रघुनाथच्या आईने सांगितलं. देव उठला म्हणजे आधी त्याचा मान. मान द्यायला सगळ्या पाड्यांवरचं घरटी माणूस लागतं, मुंबईला गेलेलेसुद्धा. ती माणसं जमणार पेरणीच्या तोंडावर. आणि त्याचा मान झाल्याशिवाय गावात मांडवाखाली काही करायचं नाही. तोवर पावसाळा लागतो, म्हणजे लग्न थेट तुळशीच्या लग्नानंतर. उद्या हळद होती, परवा लग्न.

हे ऐकत असताना नवरी दारात येऊन उभी राहिली. वनिता. शहापूरला औषधांच्या दुकानात काम करते, तोंडाने फटकळ. तिचं लग्न याआधी दोनदा पुढे गेलं होतं. एकदा नवऱ्याचे आजोबा गेले म्हणून, एकदा त्याला भिवंडीच्या गोदामातून सुटी मिळाली नाही म्हणून. नवरा आटगावचा, मुलगा चांगला, आणि ती त्याची दोन वर्षं वाट बघत होती.

"तिसऱ्यांदा हुकला तर मी लगीनच करनार नाय," ती म्हणाली. "सांगून ठेवते. मग तुमी सगली मिलून त्या चेडोबाशी माझा लगीन लावा."

"अगो, असा बोलू नये," तिची आई म्हणाली.

"मग काय बोलू? दोन वर्सा देव झोपलाय आनि मी जागी हाय."

ओनोसान उठला आणि तिच्यापुढे कमरेत वाकला. मग तिच्या आईपुढे वाकला, मग वडिलांपुढे. वडील साधे, पाहुणा वाकतोय म्हणून तेही वाकले. ते वाकले म्हणून ओनोसान आणखी खाली वाकला. ते आणखी. शेवटी रघुनाथने वडिलांना धरून सरळ केलं, नाहीतर ते जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं असतं. नंतर अंगणातल्या वासरानेही एक नमस्कार मिळवला.

बारकूबुवांना मी विचारलं, "तुम्हीच त्याला पुन्हा झोपवा ना. होळीला झोपवता तसं."

"मी उठवला असता तर मी निजवला असता. ज्यानं उठवला त्यानं निजवायचा. पोराचा काय नियम हाय? तोच देवाचा."

अंगणातल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. हा नियम जगातल्या प्रत्येक बाईला मान्य असावा. मी तो भाषांतर करून सांगितला आणि ओनोसान पांढरा पडला.

त्याने मला मांडवाच्या कोपऱ्यात नेऊन सांगितलं, की त्याला हे येतं. पूजा संपली की देवाला निरोप द्यायचा असतो. तेव्हा पुजारी पोटातून एक लांबलचक 'ओऽऽऽ' काढतो. ना शब्द, ना गाणं, नुसता ओ. त्याचे वडील तो काढतात तेव्हा देवळातली कागदाची तोरणं हलतात. लहानपणी त्यालाही शिकवलं. आणि तो घर सोडून गेला तो याच ओपायी. "समोर कुणी आहे की नाही, हे मला कधी कळलं नाही," तो म्हणाला. "वडील म्हणतात ते कळायची गरज नसते, अंगण झाडत राहावं. पण न तपासता शिक्का कसा मारायचा?"

मी म्हटलं, "बाबा रे, इथे शिक्क्याचा प्रश्न नाही. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

त्याने एकदा त्या वासराकडे बघितलं. मग म्हणाला, करतो. पण एक अडचण आहे, तीही स्पष्ट सांगतो. त्या ओने देव झोपत नाही. देव परत जातो.

"परत म्हंजी कुठं?" बारकूबुवांनी विचारलं.

"वर. जिथून आला तिकडे."

मांडवात एकदम गलका झाला. आमचा चेडोबा वर गेला तर शिवेवर कोण बसणार, रानडुकरं कोण हाकलणार, आणि समजा वर जाताना रस्ता चुकून याच्याबरोबर जपानला गेला तर? वनिताचे काका म्हणाले, देव पासपोर्टशिवाय कसा जाईल. त्यावर कुणीतरी म्हणालं, देवाला पासपोर्ट लागत नाय, तुलाच लागतो. मी दोन्ही बाजूंना भाषांतर करत होते. चाकणला वॉरंटीच्या भांडणात केलंय, पण इतकं अवघड भाषांतर मी आयुष्यात केलेलं नाही.

तोडगा ओनोसाननेच काढला. त्यांच्याकडे देवाच्या झाडाला, खडकाला भाताच्या पेंढ्याचा दोर बांधतात. त्या दोराच्या आतली जागा देवाची. दोर बांधला तर देव वर जाणार नाही, आतल्या आत शांत होईल. पेंढा म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. पेंढ्याचे दोर तेही वळतातच. अर्धं गाव त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलं. तो दोर डावीकडे पीळ देऊन वळायला लागला तसं प्रत्येकजण म्हणाला, "उलटा वलतोय." बारकूबुवांनी दोनदा त्याच्या हातातून घेऊन सुलटा वळून दाखवला. दोन्ही वेळा ओनोसानने आभार मानले, दोर उलगडला आणि पुन्हा उलटा वळला. देवाचा दोर उलटाच असतो, म्हणाला. बारकूबुवा विचार करून म्हणाले, "बरा हाय. म्हंजी कोन गुरा बांधायला चोरनार नाय."

शिवेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने स्वतःचा आवाज बंद केला. कोंबड्या डालग्यांखाली गेल्या. कुकर लावायचा नाही, मिक्सर लावायचा नाही, हळदीचं वाटण पाट्यावर, तेही हळू. बेंजोवाल्यांच्या वाद्यांवर गोधड्या टाकल्या. मला खोकला होता. रघुनाथच्या आईने माझ्या तोंडात खडीसाखरेचा मोठा खडा घातला आणि वर लवंग घातली, त्यामुळे तो सबंध विधी मी गालाला सूज आल्यासारखी उभी राहून पाहिला.

ओनोसानने रघुनाथचा लग्नासाठी शिवलेला पांढरा कुर्ता घातला होता. तो त्याला इतका ढगळ होता, की आत आणखी एक ओनोसान मावला असता. दगडाभोवती उलटा दोर बांधला. बारकूबुवांनी दोन्ही खांद्यांवर दाणे चिकटवले. सगळं गाव ऐनाखाली उभं. ओनोसान दोनदा वाकला. हात वर आले तसा सगळ्या गावाने श्वास रोखला. त्याने हात जोडले, टाळी वाजवली नाही. मग पोट आत घेतलं आणि ओ काढला.

मी हसण्याच्या तयारीत होते, हे कबूल करते. तो आवाज सुरू झाला आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. इतक्या बारीक माणसातून तो येत होता यावर विश्वास बसेना. खालून सुरू होऊन वर चढला, तिथे राहिला, आणि हळूहळू बारीक होत गेला. नेमकं तेव्हाच वनिताच्या काकांच्या म्हशीने गोठ्यातून त्याच सुरात उत्तर दिलं. मग मात्र बायकांनी पदर तोंडात कोंबले, मी खडीसाखर गिळली आणि बेंजोचा एक मुलगा मोरीखाली जाऊन बसला.

दाणे पडले नाहीत.

ओनोसानने दुसऱ्यांदा ओ काढला. मग तिसऱ्यांदा. ऊन चढलं. शेंदूर ओला, दाणे जागचे हलेनात. बारकूबुवा वाकून बघून कुजबुजले, "जागा हाय. पन डोला जड झालाय." ओनोसानचा आवाज फाटायला लागला होता, कुर्ता घामाने अंगाला चिकटला होता, आणि तरी तो दर वेळी आधीइतकाच खाली वाकून पुन्हा सुरुवात करत होता. वनिताची आई डोळे पुसत होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी हळूच म्हणालं, आटगावला फोन करून सांगायला लागेल.

तेवढ्यात वनिता आली. नवरीने हळदीच्या दिवशी घराबाहेर पडायचं नसतं, पण ती सरळ पायवाटेने आली, अनवाणी. कुणी अडवायच्या आत दगडापुढे गुडघ्यांवर बसली. तोंड दगडाच्या अगदी जवळ नेलं, कानात सांगतात तसं. काहीतरी पुटपुटली. मी तिच्या उजव्या अंगाला उभी होते. तिचा गाल फुगलेला मला दिसला, आणि उजवा दाणा पडला.

बारकूबुवांनी आधी ऐनाच्या शेंड्याकडे बघितलं, मग ढगांकडे, मग खाली.

"निजला," ते म्हणाले.

सगळं गाव चवड्यांवर घरी गेलं, आणि घरापाशी पोचल्यावर जो ओरडा झाला तो मी कधी विसरणार नाही. गोधड्या काढून बेंजो सुरू झाला. ओनोसानला हळद लावली, कुणीतरी खांद्यावर घेतलं. मटण होतं, वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे हळद म्हणजे चार बायका आणि एक वाटी. इथे हळद हेच लग्न, लग्न ही नंतरची औपचारिकता. त्याच्या वडिलांना हे कळलं तर ते काय म्हणतील, असं मी ओनोसानला विचारलं. म्हणाला, "विचारतील, आवाज पोटातून काढलास की घशातून. घशातून असेल तर पुन्हा काढायला लावतील."

जेवताना मात्र तो माझ्या शेजारी सरकला. नेहमीसारखं "सेन्सेई", म्हणजे 'बाई', असं काही न म्हणता त्याने थेट विचारलं, "तिने फुंकलं ना?"

म्हणजे त्यानेही बघितलं होतं. मी बिरड्यात लक्ष घातलं. तो ऐकेना. चाचणीत हात घातला की चाचणी बाद, हे त्याचं सगळं आयुष्य. देव खरंच जागा असला आणि मुलीचं लग्न तसंच लागलं तर? त्या काळजीत त्याने मटणही परत वाढून घेतलं नाही, यावरून काय ते समजा. लग्नाच्या दिवशी अक्षता टाकतानासुद्धा तो दाणे कुठे पडतात ते बघत होता.

आटगावच्या वाटेला

लग्न चांगलं झालं. नवरा हसरा निघाला, वनिताकडे बघून तर फारच. दुपारी पाठवणी. आमच्याकडे मुलगी निघाली की उंबऱ्यापासून रडणं सुरू होतं. इथे शिवेपर्यंत सगळे बोलत, वाजवत चालत येतात, ऐनापाशी आले की एकदम गप्प. आईने रडायचं नाही, मुलीने रडायचं नाही, बांगड्यासुद्धा हाताने दाबून धरायच्या. एवढी माणसं नुसत्या पावलांनी त्या दगडासमोरून गेली. वनिताच्या वडिलांनी तिचं मनगट धरलं होतं, बांगड्या वाजू नयेत म्हणून, आणि मोरी ओलांडून झाली तरी ते सोडायला विसरले.

मोरीपलीकडे बेंजो कडाडला आणि वनिताने भोकाड पसरलं. आई रडली, काका रडले, मीही रडले, माझा काही संबंध नसताना. मग ती आटगावच्या गाडीत बसली. आणि एवढ्या गर्दीत ओनोसान मला ओढत त्या गाडीच्या खिडकीपाशी घेऊन गेला. म्हणाला, मला विचारायलाच पाहिजे.

मी शरमेने मेले. पण दुभाष्याचं काम विचारायचं. मी वाकून हळूच म्हटलं, "वनिता, हा विचारतोय, काल तू फुंकलंस का?"

तिने पदराने नाक पुसलं. नवऱ्याकडे बघितलं, तो पलीकडच्या खिडकीतून कुणाशी तरी बोलत होता.

"फुंकला ना," ती म्हणाली. "तो बिचारा ओरडून ओरडून मरत होता. पन मी त्याला इचारल्याशिवाय नाय फुंकला. चेडोबाला बोलली, हे बघ, मी आता फुंकते. तुला मी हितंच राहायला हवी असल, तर डावा पाड."

मी ते ओनोसानला सांगायला तोंड उघडलं, तर ती मागे वळून मोरीपलीकडच्या त्या ऐनाकडे बघत होती.

"त्यानं जाऊ दिली मला," ती म्हणाली, आणि पुन्हा रडायला लागली, या खेपेला कुणालाही ऐकू येणार नाही असं.